फर्मिनची पडजीभ

ओतिलियाला मागणी घालायला फर्मिन आला तेव्हा त्याच्याजवळ टर्की होता, चॉकलेट होतं, गोड पावांची टोपली होती. नव्हता तो फक्त आवाज. आणि डोन्या एर्मेलिंदाच्या घरची मुलगी मागायची तर नवऱ्या मुलानं स्वतःच्या तोंडानं मागायची, असा रिवाज होता. सोबतच्या मावशीनं बोललेलं चालत नसे. फर्मिनच्या घशातून नुसती हवा येत होती.

ही होणारी सासूच गावभरच्या उतरलेल्या पडजिभा वर चढवायची. डोक्याच्या मधोमध केसांची बट धरायची आणि एक हिसका द्यायचा, झालं. तरीही फर्मिन सकाळी गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आला होता, आणि त्याला तसंच कारण होतं.

डॉक्टरनं सांगितलेलं फर्मिननं कागदावर लिहून दिलं, ते ओतिलियानं आईच्या कानावर घातलं. पडजीभ पडलेली नाही, सुजली आहे. वैद्यकात तिला उव्हुला म्हणतात, म्हणजे लॅटिनमध्ये चिमुकलं द्राक्ष. सुजली की तशी लोंबते म्हणून जुन्या वैद्यांनी ते नाव ठेवलं. आठवड्याभरात आपोआप बरी होईल.

"मग मी काय वेगळं सांगते?" डोन्या एर्मेलिंदा म्हणाली. "द्राक्ष खाली लोंबलं तर वेल वरून ओढायचा. या शिकलेल्यांना नाव सापडतं, वेल सापडत नाही."

फर्मिन हात जोडत मागे सरकला आणि खुर्चीला अडून तिच्यातच बसला. तिनं बट धरली, हिसका दिला, आणि सगळेच्या सगळे केस तिच्या हातात आले.

मावशीनं छातीवर क्रूस काढला. ओतिलिया भिंतीला टेकली. डोन्या एर्मेलिंदा तो केसांचा टोप मेलेल्या उंदरासारखा लांब धरून उभी होती. लग्न मोडलं, असंच सगळ्यांना वाटलं.

"टक्कल असू दे," अखेर ती म्हणाली. "टकलाचं मला काही नाही. पण याची पडजीभ पडली तर धरून ओढायचं काय? जन्मभर असाच मुका राहील. मी मुलगी देणार नाही."

ओतिलियाला रडू फुटलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या डॉन क्रिस्पिननं, म्हणजे तिच्या बापानं, डोक्यावरची टोपी काढली. खाली भोपळ्यासारखं गुळगुळीत डोकं होतं.

"माझीही लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून लोंबतेच आहे," तो हळूच म्हणाला.

डोन्या एर्मेलिंदानं नवऱ्याकडे पाहिलं. सगळा संसार तिच्या डोळ्यांपुढून गेला. त्यात त्यानं एकदाही उलटून उत्तर दिलेलं नव्हतं.

"अगं बाई," ती मटकन खाली बसत म्हणाली, "आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला माझं पटतं."

मग टोप फर्मिनच्या मांडीवर ठेवून ती लेकीकडे वळली. "डोळे पूस आणि चॉकलेट उकळायला ठेव. असला नवरा पुन्हा मिळायचा नाही."