विपुलरावांची काळी हॅट व अमरावतीची फत्ते

श्रीअंबादेवीचे चरणी मस्तक, टोपीसकट, ठेवून बखर लिहावयास प्रारंभ केला. आज्ञा जाहली जे, नांदगाव खंडेश्वराचे विपुलराव पुंजारामजी, हास्यविनोदाचे सरदार, यांचे मस्तकी काळी हॅट कैसी चढली, अकोल्यास तिची दुर्दशा कैसी जाहली आणि अमरावतीस फत्ते होऊन ती कैसी उतरली, हा मजकूर साद्यंत लिहून काढणे. त्यावरून जैसे पाहिले तैसे लिहिले आहे, आणि जेथे पाहिले नाही तेथे शेजारच्या खुर्चीवरील मनुष्यास विचारून लिहिले आहे. बखरकार अमरावतीचा, सबब अकोल्याविषयी दोन शब्द उणे पडल्यास अकोलेकरांनी मन मोठे करावे. न केल्यास आमचे काही अडत नाही.

विपुलरावांची पहिली रीत साधी होती. बोडख्या डोक्याने, पायी चप्पल घालून मंचावर उभे राहावे आणि घरचीच हकीकत वऱ्हाडीत सांगावी. तीर्थरूप पुंजारामबाबा ट्रॅक्टरशी बैलाप्रमाणे बोलतात आणि चढावर त्यास शिव्या देतात, मातोश्री जमुनाबाई फोन कानास न लावता आरशासारखा तोंडासमोर धरतात आणि मग पलीकडचे ऐकू येत नाही म्हणून पुंजारामबाबांवरच रागावतात, ऐसा सगळा दारूगोळा. कॉलेजची पोरे हसता हसता खुर्चीवरून खाली येत. परंतु पुंजारामबाबा स्वतः हसले नाहीत. त्यांनी निकाल दिला जे, यात हासाले काय हाय, हे त आपल्या घरी रोजच होते. हे शब्द विपुलरावांचे काळजात रुतले. सारा मुलूख हसतो आणि खासा बाप हसत नाही तर ही सरदारी कसली, ऐसे मनी आणून त्यांनी कूच केले, ते थेट पुणे.

पुण्यास मुक्काम करून विपुलरावांनी नवी विद्या हस्तगत केली. ती विद्या ऐसी जे, एक वाक्य बोलावे, मग थांबावे, मग सावकाश पाणी प्यावे, आणि तोवर लोकांस आपलेच काही चुकले ऐसे वाटू द्यावे. वऱ्हाडी टाकली, 'मले' जाऊन 'मला' आले. ट्रॅक्टर गेला, त्याचे जागी एकटेपणा आणि कॉफी आली. आणि या साऱ्यावर शिरपेच म्हणून काळ्या फेल्टची हॅट आली, रुंद काठाची, डाव्या भुवईवर किंचित कललेली. ती घातली की आवाज आपोआप खोल जातो, ऐसे विपुलराव सांगत.

मग अकोल्याची मोहीम काढली, तीही भर मे महिन्यात. अकोल्याचे ऊन काय सांगावे. सभागृहाचा एसी पहिल्याच विनोदास शरण गेला आणि हॅटीखालून घामाच्या धारा लागल्या. विपुलराव एक वाक्य बोलले आणि रिवाजाप्रमाणे थांबले. लोकही थांबले. पुन्हा बोलले, पुन्हा थांबले, पाणी प्याले. सभा शांत. कारण काय, तर काळी हॅट, काळा कोट आणि मधेमधे गप्प राहणे पाहून अकोलेकरांची खात्री पटली जे हे जादूगार आहेत, आणि सारे मोठ्या सबुरीने कबुतराची वाट पाहत बसले. अखेर पहिल्या रांगेतून खाशा पुंजारामबाबांनीच विचारणा केली.

"विपुल्या, कबुतर कवा काढतं बे?"

सभागृह कोसळले. परंतु तो हशा बापाचा, लेकाचा नव्हे. त्यातही बाबा हसले नाहीत, कारण त्यांनी खरेच विचारले होते. कबुतर निघत नाही हे पाहून ते उठले आणि परतीची गाडी धरून नांदगावास गेले. ऐसा पराभव वऱ्हाडच्या इतिहासात दुसरा नाही.

मग खलबत बसले. विपुलरावांच्या कार्यक्रमांचा सारा कारभार गीतांजलीबाई पाहत, त्या अकोल्याच्या असूनही शहाण्या. त्यांनी मसलत दिली जे, हॅट घरी ठेव आणि डोकं घेऊन ये. विपुलराव खवळले. हॅट म्हणजे आपली नवी रीत, ती टाकली तर पुणे फुकट गेले, ऐसे बोलून त्यांनी पैज मांडली.

"अमरावतीत बाबा नाही हासले, त माइक ठेवून देईन अन् काकाच्या कृषी केंद्रात खतं इकाले बसीन. मंग तुमी सारे खुश."

रागात 'मले'वाली बोली परतून आली, हे गीतांजलीबाईंनी मनात टिपले. कृषी केंद्रात काकांनी गल्ल्यामागची खुर्ची आधीच पुसून ठेवली होती, इतका नातलगांचा विश्वास.

अमरावतीचा दिवस उगवला. नांदगावाहून पुंजारामबाबांची स्वारी मालवाहू गाडीत निघाली, सोबत गावची मंडळी, सगळ्यांचे माथी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या टोप्या, आणि पुढच्या दोन रांगा त्यांनी काबीज केल्या. तेथे पहिली चकमक झडली. सभागृहाचे अध्यक्ष बापूसाहेब, जुने वकील, शिष्टाचाराचे मोठे कैवारी. त्यांनी फर्मान काढले जे, छपराखाली सभ्य पुरुष डोक्यावर काही ठेवीत नाहीत, शिवाय मागच्यांस दिसत नाही, सबब टोप्या उतराव्या. त्यांचे स्वतःचे डोके दिव्याखाली झगमगत होते, म्हणून फर्मानास वजन होते.

पुंजारामबाबांनी शांतपणे विचारले, "टोपी काहून काढू? कोन मेलं?"

नांदगावचा दस्तूर ऐसा जे, टोपी उतरते ती मयतीलाच. तेव्हा दोन्ही रांगा एकमेकांची तोंडे पाहू लागल्या जे, गाडीतून निघालो तेव्हा तर सगळे होते. कोणी मेले नाही, हा केवळ शिष्टाचार, ऐसे बापूसाहेबांनी समजाविले. इतक्यात मंचावर उजेड पडला आणि विपुलराव हॅट घालून प्रकट जाहले. बाबांनी बोट तिकडे केले.

"मंग त्याले सांगा पयले. माह्या टोपीले काठ तरी नाही."

बापूसाहेब आयुष्यभर कोर्टात उभे राहिले, पण यावर मात्र खाली बसले. खटला तेथेच तहकूब जाहला.

विपुलरावांनी पहिले वाक्य उच्चारले आणि थांबले. तेवढ्या थांबण्यात घात जाहला. नांदगावकरांस वाटले भाषण संपले, आणि भाषण संपले की सत्कार, हे तर सर्वांस ठाऊक. पुंजारामबाबा पिशवी घेऊन पायऱ्या चढले. लेकाचे खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला आणि पिशवीतून सत्काराची नवी टोपी काढून उभे राहिले. विपुलरावांचे एका हाती माइक, दुसऱ्या हाती नारळ, आणि डोक्यावर हॅट. टोपी ठेवावी कोठे? बाबा थांबले. ज्याची टोपी त्याने उतरवावी, दुसऱ्याने हात लावू नये, हा त्यांचा धर्म, आणि आत्ताच त्यांनी तो स्वतःसाठी राखला होता. लेकास धर्मसंकटात कसे टाकावे?

"नसन काढत त राहू दे," बाबा हळू बोलले. "तुह्या धंद्याची असन."

आणि मोठ्या अदबीने त्यांनी हॅटीवर टोपी ठेवली, दोन बोटांनी दाबून सरळ केली आणि मागे सरून पाहिले. झाले. अमरावतीत ऐसा हशा पूर्वी कधी ऐकला नव्हता. बापूसाहेब रुमाल तोंडात कोंबून बसले. एकटे पुंजारामबाबा गंभीर. त्यांनी सभेस दटावले जे, हासता काहून, सत्कार चालू हाय. त्यावर दुसरी लाट आली.

विपुलराव कोंडीत सापडले. वडिलांनी घातलेली टोपी त्यांचे देखत उतरवणे हा गुन्हा, आणि ती न उतरवता हॅट निघत नाही. मान हलविता येईना. पुणेरी विद्येप्रमाणे पाणी प्यावे तर मान वर करावी लागते, आणि मान वर केली की दोन मजली इमारत ढासळते. मग थांबण्याचे तेवढे उरले, ते थांबले, आणि त्या थांबण्यात सारे पुणे गळून पडले.

"बाबा, वरची धरून ठेवा जरासीक. मी खालून निंगतो."

बाबांनी दोन्ही हातांनी टोपी अधांतरी धरली. विपुलरावांनी नारळ काखेत मारला, गुडघे वाकवले, खालून सटकले आणि हॅट उतरवली. मग पुन्हा टोपीखाली बोडके डोके नेऊन उभे राहिले. बाबांनी टोपी खाली सोडली, ती नेमकी बसली. मग विपुलरावांनी हॅट उलटी केली, आत वाकून पाहिले, मनगटापर्यंत माइकचा हात घालून चाचपले आणि रिकामी हॅट बापापुढे धरली.

"पाहून घ्या बाबा. नाही हाय कबुतर. अकोल्यातच उडालं."

बाबांनी खरेच आत पाहिले. प्रथम खांदे हलले. मग पोट हलले. मग पुंजारामबाबा गुडघ्यांवर हात टेकून ऐसे हसले जे, त्यांची टोपी माथ्यावरून घरंगळून मंचावर पडली आणि ती उचलण्याचेही त्यांस भान राहिले नाही. बापूसाहेबांतील वकील जागा जाहला. त्यांनी उभे राहून नम्रपणे विचारले जे, टोपी उतरली, कोणी गेले काय?

बाबा डोळे पुसत बोलले, "मीच मेलो ना वकीलसाहेब, हासून हासून."

येणेप्रमाणे अमरावती फत्ते जाहली, ती अशी रुजू केली असे. पुढे विपुलरावांनी बोडख्या डोक्याने आणि मायबोलीने सारी रात्र गाजविली, ट्रॅक्टर परत आला, आणि बाबा त्यावरही हसले, जरी घरी हे रोजच होते. काकांनी खुर्ची पुन्हा गोदामात टाकली. काळी हॅट बाबांनी सत्काराचे बदल्यात मागून घेतली. सध्या ती नांदगावचे शिवारात ट्रॅक्टरवर असते, उन्हास उत्तम, काठ रुंद. बाबा ती रोज घालतात, पण टोपी न उतरवता, टोपीवरून. हसण्याची हिंमत गावात कोणास नाही, एकट्या जमुनाबाईंस आहे. इतका मजकूर खरा मानावा, आणि न मानणाऱ्याने नांदगावास जाऊन डोळ्यांनी पाहावे, जाताना टोपी घालून जावे.