सोबत : अकरा गाणी

“लिहून ठेवा, महिन्याभरात माझं गाणं पहिल्या दहात असणार!” कविराजांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये छाती फुगवून जाहीर केलं. कुणीच लिहून ठेवलं नाही. विमा कंपनीच्या रेकॉर्ड खात्यात पंचवीस वर्षं फायली लावलेला माणूस, वय त्रेपन्न, आणि गाणं म्हणे पॉप! लोकांनी चहा संपवला आणि आपापल्या टेबलाकडे गेले.

खरं सांगायचं तर कविराजांना चार्टशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना जिंकायचं होतं सासऱ्यांना! सासरे जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले तरी पेन्सिल सुटली नव्हती. औषधाच्या डबीतला कागदसुद्धा दुरुस्त करून मगच गोळी घेत. लग्नाआधी कविराजांनी त्यांच्या मुलीला लिहिलेलं प्रेमपत्र त्यांनी चौदा चुका दाखवून साभार परत केलं होतं. त्यानंतरच्या बावीस वर्षांत जावयाच्या एकाही ओळीला ‘बरं आहे’ एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. एकदाच त्यांच्या तोंडून ‘शाबास’ ऐकायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता.

गाण्याला चाल कविराजांच्या भाच्याची. टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्याचा छोटासा स्टुडिओ होता. पहिल्या दिवशी चाल तयार, वादक तयार, गायिका सकाळी दहापासून तयार. फक्त शब्द तयार नव्हते!

“मामा, शब्द?” भाच्याने बारा वाजता विचारलं.

“येतायत, येतायत! ‘विरहक्षितिज’ला यमक अडलंय.”

तेवढ्यात मामींचा फोन आला. कविराजांचे हात शाईने भरलेले, म्हणून भाच्याने तो स्पीकरवर टाकला.

“अहो, गॅस बंद केलात का? कुलूप ओढून पाहिलंत का? चष्मा घेतलात का, की माझाच घेऊन गेलात?”

कविराजांनी नाक चाचपलं. चष्मा बायकोचाच होता. सकाळपासून कागदावरचं धड दिसत का नव्हतं, त्याचा उलगडा झाला.

“शब्द येईपर्यंत मी हेच गाते!” वैतागलेली गायिका म्हणाली. चाल पक्की व्हावी म्हणून तात्पुरते काहीबाही शब्द घालून गातात, त्याला त्या धंद्यात डमी म्हणतात. गायिकेने डमी गाऊन टाकलं, सगळे पोट धरून हसले आणि विसरले. पुढे कविराजांचे शब्द आले, बदलले, परत आले. डमी धरून एकूण अकरा रेकॉर्डिंगं झाली. अकरावं मात्र कविराजांच्या मनासारखं झालं. विरहक्षितिज अगदी काठोकाठ भरून वाहत होतं!

“मामा, आता शेवटचं तेवढं म्युझिक कंपनीला पाठवून द्या,” भाचा म्हणाला.

तेवढं! मागचा संदर्भ न जोडता एकटाच कागद बाहेर पाठवायचा, हे रेकॉर्ड खात्यातल्या माणसाला कसं जमावं? कविराजांनी अकराच्या अकरा गाणी तारीखवार लावली आणि सोबत तीन पानी पत्र जोडलं. तिसऱ्या पानावर, कलम नऊमध्ये, ‘यांपैकी अकरावे गाणे प्रकाशित करावे’ अशी नम्र विनंती होती. कंपनीतल्या माणसाने पत्र उघडलंच नाही. त्याने पहिलं गाणं उचललं आणि प्रकाशित करून मोकळा झाला.

शुक्रवारी संध्याकाळी कविराजांनी सासऱ्यांना सहकुटुंब बोलावलं. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. गुडघ्यावर कोरा कागद, हातात टोकदार पेन्सिल. कविराजांनी घसा खाकरला, दोन शब्द बोलतो म्हणून बावीस मिनिटं बोलले आणि त्याच दिवशी प्रकाशित झालेलं गाणं लावलं.

“अहो, गॅस बंद केलात का?”

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. “बंदच आहे हो!” त्यांनी आतून ओरडून सांगितलं.

गाणं संपलं. सासऱ्यांनी कोरा कागद घडी करून खिशात घातला, चपला घातल्या आणि तडक निघून गेले. कविराजांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं!

“गाणं काढा! आत्ताच्या आत्ता काढा!” त्यांनी कंपनीला फोन केला.

“अर्ज करा. सात दिवस लागतात.”

अर्ज म्हटल्यावर कविराज लगेच टेबलाशी बसले. त्यांनी दोन प्रतींत अर्ज केला आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले.

रविवारी गाणं चार्टवर अठ्ठ्याऐंशीव्या नंबरवर आलं. मंगळवारी एकतिसाव्या! बायका नवऱ्यांना फोन करायच्या ऐवजी गाणंच पाठवू लागल्या. नवरे ते इतर नवऱ्यांना पाठवू लागले. कँटीनमधली मंडळी कविराजांच्या सह्या मागू लागली आणि कविराज जिना चुकवून मागच्या दाराने जाऊ लागले.  बायको मात्र दुकानात आपलीच वाक्यं वाजत असताना शांतपणे साबण घेऊन घरी यायची.

सातव्या दिवशी गाणं सहाव्या नंबरवर पोहोचलं आणि कंपनीचा फोन आला.

“सर, तुमचा अर्ज मंजूर झालाय. काढू गाणं?”

“मामा, पाया पडतो तुमच्या!” बातमी घेऊन घरी आलेला भाचा खरोखरच वाकला. “सहाव्या नंबरवरचं गाणं कुणी काढतं का?”

“माझी अब्रू गेली, त्याचं काय?” कविराज कडाडले. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात सासरे!

सासऱ्यांनी खिशातून तोच कागद काढून उलगडला. अजूनही कोराच होता.

“जावईबापू, आठवडाभर ऐकतोय. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. पेन्सिल टेकवायला जागा सापडेना मला!” त्यांनी कविराजांच्या खांद्यावर हात ठेवला. “शाबास!”

कविराजांचे डोळे भरून आले. बावीस वर्षं!

“हॅलो, सर? काढू ना?” फोनमधून आवाज आला.

“खबरदार!” कविराज ओरडले आणि फोन बंद केला.

“ती चष्म्याची ओळ,” सासरे म्हणाले, “अख्खा संसार आहे हो तिच्यात. कशी सुचली तुम्हाला?”

कविराज थबकले. ‘पहाटे फिरायला गेलो होतो, तेव्हा सुचली’ असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बायकोही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ओळ कशी सुचली, ते तिलाही ऐकायचं होतं.

“मला नाही सुचली,” कविराज खाली मान घालून म्हणाले. “हिची आहे. सगळं गाणंच हिचं आहे.”

“तरीच!” सासरे म्हणाले आणि जावयाच्या खांद्यावरचा हात काढून घेऊन लेकीला शाबासकी द्यायला स्वयंपाकघराकडे वळले.