चार किलो शंभर ग्रॅम दुखणं

"दहापैकी किती?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, आणि काटेवाल्यांचं घोडं तिथंच अडलं.

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला असला प्रश्न विचारूच नये. काटेवाले गेली सव्वीस वर्षं दुकानादुकानांतले काटे उघडून, पुसून, खरे करून देत आलेले. दहा म्हटलं की दहाचं पितळी प्रमाण कुठंतरी कपाटात कुलपात असलं पाहिजे, आणि त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, ही त्यांची शिस्त. त्यांनी अदबीनं विचारलं, दहा म्हणजे नक्की केवढं? मोठे डॉक्टर म्हणाले, तुम्ही कल्पना करू शकाल असं सगळ्यात मोठं दुखणं. काटेवाले म्हणाले, कल्पनेवर काटा लावता येत नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि कागदावर लिहिलं, 'रुग्ण चिंताग्रस्त'.

हे तिसरे डॉक्टर. पहिल्यांनी वय झालं म्हणून सांगितलं, तेव्हा काटेवाले चाळीसचे होते. दुसऱ्यांनी उशी बदलायला लावली. कंबर डावीकडून दुखायची, तिथून कळ निघून पोटरीपर्यंत जायची, अकरा वर्षं. एक्स-रेचे फोटो मात्र दर वेळी एकदम स्वच्छ, चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावावेत इतके.

एरवी काटेवाल्यांनी आणखी अकरा वर्षं काढली असती. पण ते ज्या दुकानात नोकरीला होते, त्याच्या मालकांनी ट्रकच्या काट्यांचं काम घेतलं. ट्रकचा काटा तपासायचा म्हणजे वीस-वीस किलोची लोखंडी वजनं उचलून एकावर एक रचायची, पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली. मालकांनी एक छापील फॉर्म दिला. शनिवारपर्यंत डॉक्टरांकडून भरून आण, तुला बसल्या जागेचं काम देतो. नाहीतर सोमवारी ट्रकच्या काट्यावर ये. तेही जमत नसेल तर मग काही इलाज नाही. फॉर्मवर एक चौकोन होता, 'वेदना : दहापैकी'. चौकोन रिकामा असेल तर फॉर्म बाद. आणि मोठे डॉक्टर म्हणाले, तुम्ही आकडा सांगा, मी लिहितो. माझ्या मनाचा लिहिणार नाही.

बायको बायकांचे केस कापायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिला या विषयातलं बरंच कळत होतं.

"सात सांगून मोकळे व्हा," ती म्हणाली. "सगळे सातच सांगतात."

"सातच का?"

"पाच म्हटलं तर घरी पाठवतात. नऊ म्हटलं तर नाटकं करतो म्हणतात. सात ऐकलं की डॉक्टरला बरं वाटतं."

"न मोजता सात सांगू?"

"मग मोजा बाई एकदाचं, पण शनिवारच्या आत मोजा."

ती हे वैतागून म्हणाली होती. काटेवाल्यांनी ते मनावर घेतलं.

आधी त्यांनी दहा शोधायचा प्रयत्न केला. बायकोला विचारलं, तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुखणं कोणतं? ती म्हणाली, थोरलीच्या वेळचं बाळंतपण, तेच दहा, त्यात विचारायचं काय. हे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी जिन्यात ऐकलं. त्यांना तीनदा मूतखडा झालेला. बाळंतपण फार तर आठ, असं ते बोलून गेले. बायको कात्री हातात घेऊनच बाहेर आली. मग समोरच्या दातदुखीवाल्या मावशी आल्या, तळमजल्यावरचा हाड मोडलेला रिक्षावाला आला, आणि जिन्यात अर्धा तास अशी जुंपली की पोस्टमास्तर शेवटी साडेआठवर आले, पण नऊला काही तयार होईनात. दहाचं एकमत झालं नाही. काटेवाल्यांनी ओळखलं की या गल्लीत प्रमाण मिळायचं नाही.

मग त्यांना आपला धंदा आठवला. तराजूला दहा-बिहा काही लागत नाही. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन, दोन्ही सारखी झाली की झालं. एका बाजूला कंबर आहेच. दुसऱ्या बाजूला काहीतरी दुखवायचं, आणि दोन्ही दुखणी सारखी झाली की आकडा वाचायचा.

दोन दिवस खपून त्यांनी ते यंत्र केलं. एक जुना स्प्रिंगकाटा, त्याला दोन पत्र्यांचा चिमटा, चिमटा आवळायला स्क्रू. चिमट्यात बोट घालायचं आणि स्क्रू फिरवत जायचं. कंबर आणि बोट बरोबरीनं ओरडायला लागली की तबकडी बघायची. स्क्रू सैल पडून आकडा हलू नये म्हणून त्यांनी एक खिट्टीही बसवली, ती एकदा बसली की पक्कडीनं उचलल्याशिवाय सुटत नसे. सकाळचं दुखणं भरलं दोन किलो तीनशे. संध्याकाळचं चार किलो शंभर. चार दिवस मोजलं, पाच-दहा ग्रॅम इकडं-तिकडं. काटेवाले अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कंबरेवर खूश झाले.

बायकोनं हा सगळा प्रकार कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाली, आणा इकडं, बघू काय एवढं आहे. काटेवाल्यांनी तिचं बोट घालून चार-शंभरवर आणलं. तिनं बोट सोडवून घेतलं, नळाखाली धरलं. त्या दिवसापासून पलंग एकटीच सरकवायला लागली.

शनिवारी सकाळी अकराला दोघं मोठ्या डॉक्टरांपुढे. काटेवाल्यांनी टिपण पुढं ठेवलं, वारवार, सकाळ-संध्याकाळ, ग्रॅमसकट. डॉक्टर हसले. त्यांनी समजावलं की दुखणं ही मनातली गोष्ट असते, ती अशी दुसऱ्याला दाखवता येत नाही.

"येते की," काटेवाले म्हणाले आणि पिशवीतून चिमटा काढला.

डॉक्टर मूळचे वाईट नव्हते. बाहेर बावीस माणसं बसली होती आणि हा माणूस बोट घातल्याशिवाय उठणार नाही हे त्यांनी ओळखलं. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी घातली. काटेवाल्यांनी स्क्रू फिरवला. एक किलोला डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. दोनला म्हणाले, हं. तीनला दुसऱ्या हातानं टेबल धरलं. चार-शंभरला खट्ट आवाज आला आणि खिट्टी बसली.

"कळलं," डॉक्टर म्हणाले. "काढा आता."

काटेवाल्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, पिशवी उलटी केली. गेले चार दिवस चिमटा त्यांनी घरच्या टेबलावरच वापरला होता, आणि तिथं पक्कड हाताशीच असायची. ती अजून तिथंच होती.

पुढची अकरा मिनिटं त्या दवाखान्यात काम झालं नाही. फोनवरच्या मुलीनं नेलकटर आणलं. नर्सबाईंनी तेल आणलं, त्यानं स्क्रू तेवढा बुळबुळीत झाला. डॉक्टर तर्जनीला स्प्रिंगकाटा लटकावून, कोपर दुसऱ्या हातानं धरून, बाहेरच्या बावीस माणसांमधून वाट काढत, दवाखान्यात कपाट करायला आलेल्या सुताराला शोधायला निघाले. सुतार डबा खायला गेलेला. एका आजोबांनी विचारलं, साहेब, हे नवीन मशीन का, आम्हालाही लावणार? डॉक्टरांच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. काटेवाले मागून लंगडत त्यांच्याबरोबर. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. पण अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

"डॉक्टरसाहेब," त्यांनी हळूच विचारलं, "आता दहापैकी किती?"

"नऊ," डॉक्टर दातओठ खात म्हणाले. "नऊ आहे, काढा."

बायकोनं टिपणावर लिहून घेतलं : चार किलो शंभर, बरोबर नऊ, खुद्द डॉक्टर.

शेजारच्या खोलीतून छोट्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांना इथं येऊन महिनाच झालेला, त्यांच्या दारावर अजून पाटीही नव्हती. त्यांनी टाके घालायचा चिमटा आणला, खिट्टीत अडकवून ती उचलली, आणि मोठ्या डॉक्टरांचं बोट सुटलं. बोट मोडलेलं नव्हतं, कापलेलं नव्हतं, नुसतं लाल झालेलं. मोठे डॉक्टर ते पोटाशी धरून आत गेले आणि दाराआडून म्हणाले की या गृहस्थांचा फॉर्म मी भरणार नाही, यांची फाइल बंद करा.

साडेअकरा झाले होते. मालक दोनला दुकान बंद करायचे. काटेवाले खुर्चीवर बसले नाहीत, कारण बसलं की उठताना कळ यायची. भिंतीला टेकून उभे राहिले. सव्वीस वर्षं इतरांचे काटे खरे करून आपल्याच वेळी हे असं व्हावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. बायको म्हणाली, अजून वेळ आहे, आत जाऊन सात सांगा, मी माफी मागते. काटेवाल्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

छोट्या डॉक्टरीणबाई चिमटा उलटसुलट करून बघत होत्या.

"काका, हे कशासाठी?" त्यांनी विचारलं.

बायकोनं सांगितलं, कारण काटेवाल्यांना पुन्हा सांगायचं बळ नव्हतं. बाईंनी दोघांना आपल्या खोलीत नेलं, दार लावलं, स्वतःची करंगळी चिमट्यात घातली आणि काटेवाल्यांना म्हणाल्या, लावा. काटेवाल्यांनी भीतभीत तीनपर्यंत आणलं. बाई म्हणाल्या, पूर्ण लावा. त्यांनी चार-शंभर केलं. बाईंचे डोळे मिटले, उघडले.

"आता सांगा. सुरुवात कशी झाली?"

"मॅडम, आधी बोट काढू या," बायको म्हणाली.

"राहू दे. त्यांचं सांगून होऊ दे."

काटेवाले बोलायला लागले. सुरुवातीला भरभर, बाईंच्या बोटाकडे बघत. मग त्यांच्या लक्षात आलं की या बाई घड्याळाकडे बघत नाहीत, मध्ये तोडत नाहीत. शिंकताना काय होतं, चप्पल घालताना काय होतं, पाहुणे आले की हसून बसावं लागतं तेव्हा काय होतं, सगळं सांगितलं. असं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको, जिला शब्दाचा तुटवडा कधी पडला नाही, ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली.

मग बाईंनी बोट सोडवलं, त्यांना पालथं झोपवलं, पाय वर करायला लावला, टाचा ठोकून बघितल्या. म्हणाल्या, फोटोत सगळं दिसत नाही. हे पूर्ण जाईल असं मी सांगत नाही. पण चारचं अडीच करायचा प्रयत्न करू, गोळ्या आणि व्यायाम, आणि दर दुसऱ्या मंगळवारी मला भेटायचं. जे जाणार नाही त्याच्यासकट कसं राहायचं तेही बघू. काटेवाल्यांना हे बोलणं समजलं. पहिल्यांदाच कुणी डॉक्टर मापात बोलला होता.

फॉर्मवर बाईंनी 'दहापैकी' वर काट मारली आणि चौकोनात लिहिलं, 'चार किलो शंभर ग्रॅम, रोज, अकरा वर्षं. मी स्वतः पडताळलं आहे. वजन उचलायचं नाही. उंच टेबलावर काम.' खाली सही, सहीवर शिक्का.

दोनला पाच कमी असताना मालकांनी फॉर्म हातात घेतला. काटेवाले अकरा वर्षं त्यांना 'फार त्रास होतो' म्हणत होते, ते मालकांच्या डोक्यावरून गेलं होतं. किलोग्रॅम मात्र त्यांना कळत होते. त्यांनी चिमटा मागितला, आपल्या कपाटातली पितळी प्रमाणं काढली, एकेक टांगून बघितली. तबकडी एका केसानंही चुकली नाही.

"बोट घालून बघता?" काटेवाल्यांनी विचारलं.

"कशाला? काटा खरा आहे," मालक म्हणाले. "खिडकीजवळचं उंच टेबल घे."

महिना झाला. संध्याकाळचं दुखणं तीन-सहाशेवर आलं, आणि दुकानात भलतीच गिऱ्हाइकं यायला लागली. शाळेतल्या बाई आल्या, मुख्याध्यापकांसाठी चिमटा दोन तास द्या म्हणाल्या. मूतखड्यानंतर आता गुडघेदुखीनं बेजार झालेले पोस्टमास्तर धाकट्या मुलाला हाताला धरून घेऊन आले, घाल बोट. बायकोकडे केस कापायला येणाऱ्या तर नंबर लावून नेत होत्या. मालक तोंडानं कुरकुरायचे, पण त्यांनीच दुसरा चिमटा करायला पत्रा आणून दिला.

एका दुपारी काळा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. दुकानातला दिवा मालवायला सांगितला, मग हळू आवाजात बोलल्या. नऊ वर्षं डोकं दुखतंय. महिन्यातले बारा दिवस. नवऱ्यासाठी चिमटा हवाय, एका संध्याकाळपुरता. कोण यजमान, म्हणून काटेवाल्यांनी विचारलं. बाईंनी मोठ्या डॉक्टरांचं नाव घेतलं.

काटेवाले चाचरले. "त्यांनी एकदा बोट घातलंय यात."

"माहीत आहे. पंधरा दिवस घरात सगळ्यांना बोट दाखवत होते," बाई म्हणाल्या. "पण ते तुमचं दुखणं होतं. मला माझं दाखवायचंय."

त्यांनी चष्मा न काढता स्वतःचं बोट घातलं आणि स्वतःच स्क्रू फिरवला. तबकडी चारच्या पुढं गेली, पाचच्या पुढं गेली. सहा किलो तीनशेला बाई थांबल्या, म्हणाल्या, हं, हे बरोबर. मालक टेबलामागून उठून उभे राहिले.

काटेवाल्यांनी पक्कडीनं खिट्टी उचलल्यावर बाईंनी आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि चिमटा पर्समध्ये ठेवला.

"नऊ वर्षं ते मला म्हणतात, जरा पडून राहा, बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "आज मी म्हणणार आहे."