भिंतीची छाती तपासणारे डॉक्टर

मुलांनो, इथल्या, आयर्लंडमधल्या आमच्या शेजाऱ्यांची, निवृत्त डॉक्टर बोरकरांची ओळख करून देते. हे गृहस्थ भिंती तपासतात. रोग्याच्या छातीवर ठोकून ऐकतात ना, तसा दोन बोटांनी दगड ठोकतात, कान लावतात आणि म्हणतात, "इथे पोकळ आहे, ताई. कपाट असणार."

भिंत आमच्या गावच्या कॅथीड्रलशेजारच्या घराची. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिथे आठ पाद्री राहत. मोठ्या पाद्र्यांना मान हवा होता, पहाटेची थंडी नको होती; म्हणून त्यांच्या जागी प्रार्थना गायला हे बदली पाद्री ठेवलेले. मला हे सांगायला दोन वाक्यं पुरली. डॉक्टरांना दोन तास लागतात, कारण "मुद्दा काय, तर" असं म्हणून ते मुद्दा सोडून देतात.

लॉकडाऊनमध्ये त्या घराला कुलूप लागलं, तेव्हा तपासणी बाहेरून सुरू झाली. कुत्रा फिरवणारी एक आयरिश बाई रोज विचारायची, "पेशंट कसा आहे, डॉक्टर?"

"ग्रँड! अगदी उत्तम. छातीत जरा ओल आहे, एवढंच."

गणपतीत मराठी मंडळींची दुपारची आरती ऑनलाइन झाली. ती आमच्या घरून तुमच्या मामानं चालवली. आरतीनंतर डॉक्टरांना त्या घराच्या इतिहासासाठी दहा मिनिटं दिली होती. त्यांनी तीन आठवडे तयारी केली, नकाशे काढले, घरातल्या घरात कोट चढवला. मला म्हणाले, "ताई, एकदा तरी शेवटपर्यंत पोचायचंय."

मंत्रपुष्पांजली संपली आणि मंडळी प्रसादाला पळाली. डॉक्टर बोलण्यात घराच्या पायाच्या दगडांवर होते तेव्हा पडद्यावर सहा चेहरे होते. जिना चढेपर्यंत मी एकटी. मामासुद्धा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून मोदकांकडे गेला.

"डॉक्टर, मी एकटीच उरलेय."

"दिसतंय मला. थांबू?"

दहा मिनिटं केव्हाच उलटली होती, आणि वेळेच्या बाबतीत मी किती कडक आहे ते तुमच्या आईला विचारा. तरी म्हटलं, "मला असं जिन्यात सोडून जाऊ नका."

मग त्यांनी वरचं दालन, भोजनघर, छप्पर, सगळं सांगितलं. अगदी शेवटच्या कौलापर्यंत. चष्मा पुसत म्हणाले, "मालती असती तर छपराच्या आधीच झोपली असती." मालती म्हणजे त्यांची पत्नी, त्याच्या दोन वर्षं आधी गेलेली.

मी कॉल बंद करायला बोट पुढे केलं.

"ताई, इतक्यात नको. बोलायचं काही नाही आता. मी जेवून घेतो तेवढं."

ते वरणभाताचं ताट घेऊन आले. मी मामाला हाक मारून माझंही पान तिथेच मागवलं.