म्हैस मेली न्हाय

"आण्णा, दूध घ्यायला येत न्हाय," दूध संस्थेतला पिराजी मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला. "तुमची म्हैस मेलीय."

हंबीररावांनी हातातल्या किटलीकडे बघितलं. दुधावर अजून फेस होता.

"कवा?"

"आत्ताच. तुम्हीच सांगितलंसा की."

कागलजवळच्या त्या गावात संस्थेचं नवं ॲप त्याच सकाळी सुरू झालं होतं. रांगेत पहिला मान हंबीररावांचा होता, कारण ॲप त्यांच्या लेकीने, संयोगिताने लिहिलं होतं. तिला पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि हंबीररावांनी अट घातली होती, "आधी हितं गावात चालवून दाव. चाललं तर जा पुण्याला." त्या भरवशावर तिने बॅगही अर्धी भरून ठेवली होती.

ॲप साधं होतं. शेतकरी बोलेल ते पिराजीने जसंच्या तसं टाइप करायचं. ॲप त्या उत्तराचं 'खरं' किंवा 'खोटं' करायचं आणि मग नियम लावायचं: 'जिवंत' खरं आणि 'मेली' खोटं असेल तरच दूध घ्या. एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारायची, ही कल्पना सचिवांची. त्यांचा जनावरांवर विश्वास होता, माणसांवर नव्हता.

पिराजीने मोबाईल पुढे धरला. "हे बघा. 'म्हैस जिवंत?' तुम्ही म्हणालासा, 'हाय.' ॲप म्हणतंय, खरं. 'म्हैस मेली?' तुम्ही म्हणालासा, 'न्हाय.' ॲप म्हणतंय, खरं."

"म्हंजे जित्तीबी हाय आणि मेलीबी हाय?"

"ॲप म्हणतंय. म्या कशाला म्हणू?"

"परत लिही. मेली न्हाय!"

पिराजीने लिहिलं. खरं.

"अजिबात मेली न्हाय!"

खरं.

"अरं, कोण म्हणतोय मेली हाय म्हणून?"

तेही खरं निघालं. मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. एकाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ऱ्हाऊ दे. पुढचं विचारतो," पिराजी म्हणाला. "गाभण हाय?"

"न्हाय!"

पिराजीने बटण दाबलं. क्षणात गावाच्या ग्रुपवर आणि जनावरांच्या डॉक्टरांना निरोप गेला: 'हंबीररावांची म्हैस मेली आहे. ती गाभण आहे.'

हंबीरराव किटली घेऊन तरातरा घरी आले, तोवर गोठ्यासमोर गर्दी जमली होती. शेजारच्या बनाबाई म्हशीच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि म्हैस शांतपणे त्यांचा पदर चघळत होती. बाळाबाई, म्हणजे हंबीररावांची बायको, वैरणीची पेंढी घेऊन तशीच उभी होती.

"अवं, ह्या रडाय लागल्यात. म्या म्हशीला वैरण टाकू का ह्यास्नी च्या करू?"

एवढ्यात डॉक्टर उमर मोटरसायकलवरून उतरले. "आण्णा, वाईट झालं. कुठं हाय ती?"

"ही काय. तुमच्या पिशवीत त्वांड घातलंय तिनं."

डॉक्टरांनी पिशवी सोडवली, म्हशीला तपासलं आणि मान हलवली. "ठणठणीत हाय की! थांबा, मीच लिवतो. डॉक्टरचं तरी ऐकंल." त्यांनी आपल्या मोबाईलवरच्या त्याच ॲपमध्ये लिहिलं, 'श्वास बंद न्हाय. नाडी बंद न्हाय.' ग्रुपवर लगेच उमटलं: 'श्वास बंद आहे. नाडी बंद आहे. डॉक्टरांची खात्री झाली आहे.'

बनाबाईंनी नव्याने हंबरडा फोडला. तेवढ्यात मेलेलं जनावर न्यायला केरबाचा टेम्पोही दारात येऊन थांबला. केरबा दोर घेऊन उतरला, म्हशीकडे बघितलं आणि म्हणाला, "हिला चालत चढवायची म्हणा की! पैल्यांदाच असं सोपं काम मिळालंय."

"हात लावशील तर बघ!" हंबीरराव गरजले. "संयोगिते! भाईर ये! तुझ्या त्या ॲपनं म्हैस मारली!"

संयोगिता धावत आली. मागोमाग आलेल्या पिराजीच्या हातातला मोबाईल घेऊन तिने सगळी उत्तरं ओळीने वाचली आणि कपाळावर हात मारला.

"आबा, मी ॲपला सांगितलंय, उत्तरात कुठंबी 'हाय' दिसलं की खरं धर, न्हायतर खोटं. आणि तुमच्या 'न्हाय'च्या पोटातच 'हाय' हाय. फुडचा अर्धा न काढा, बघा काय उरतंय."

हंबीररावांनी मनातल्या मनात न काढून बघितला. "मग तपासलंस न्हाईस व्हय आधी?"

"तपासलं की. 'हाय' आणि 'नाही' लिहून. कॉलेजात लिहून लिहून 'नाही'च हातात बसलंय."

"आणि 'हाय' बरं ध्येनात ऱ्हायलं?"

"ते तुमच्यासाठी मुद्दाम घातलं," संयोगिता पडलेल्या आवाजात म्हणाली. "आत्तापुरतं तुम्ही 'नाही' म्हणा, आबा. दूध नासंल."

हंबीररावांच्या घराण्यात आजवर कुणी 'नाही' म्हणालं नव्हतं.

"मी काय पुण्याचा हाय?"

पण केरबा दोराला गाठ मारत होता. हंबीररावांनी फेटा सावरला, घसा खाकरला आणि पिराजीसमोर उभे राहिले.

"म्हैस मेली?"

"ना... ही."

"खोटं!" पिराजी ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "म्हैस जिवंत?"

हंबीररावांना आता सूर सापडला होता. "आहे!" ते रुबाबात म्हणाले.

पिराजीचा चेहरा उतरला. "ह्यात 'हाय' न्हाय, आण्णा. खोटं आलं. जित्तीबी न्हाय, मेलीबी न्हाय."

"म्हंजे भूत!" बनाबाईंनी म्हशीचा गळा एकदम सोडला.

"अर्धं गावातलं आणि अर्धं पुण्यातलं बोला, आबा," संयोगिता कळवळून म्हणाली. तेव्हा कुठे हंबीरराव एकेक शब्द तोलत बोलले, "जिवंत हाय. मेली नाही." आणि दूध घेतलं गेलं.

संयोगिताने तिथेच पायरीवर बसून दुरुस्ती केली. आता ॲप आधी 'न्हाय' शोधणार होतं, मगच 'हाय'. पिराजीने सगळं पुन्हा विचारलं, सगळं बरोबर आलं आणि ग्रुपवर निरोप गेला: 'हंबीररावांची म्हैस जिवंत झाली आहे.' केरबाचा टेम्पो रिकामा परत गेला. थोड्या वेळाने दोन बायका नारळ आणि हळदीकुंकू घेऊन गोठ्यात आल्या.

माणसं पांगल्यावर संयोगिता दबकत म्हणाली, "आबा, आता चालतंय. मग पुण्याला..."

"न्हाय!" हंबीरराव कडाडले. "साऱ्या गावात शोभा केलीस. पुण्याला जायचं न्हाय म्हंजे न्हाय!"

संयोगिताचे डोळे भरले. बाळाबाई मात्र उठली, आत गेली, अर्धी भरलेली बॅग घेऊन आली आणि तिच्यात चटणीचा डबा ठेवू लागली.

"अगं, ऐकाय येत न्हाय व्हय? न्हाय म्हणालोय म्या!"

"आलं की ऐकाय," बाळाबाई म्हणाली. "ही म्हैस घ्यायची न्हाय म्हणालासा, घेतली. पोरीला कॉलेजात घालायचं न्हाय म्हणालासा, घातली. लगीन झाल्यापास्नं तुमच्या न्हायमधलं म्या तेवढं हायच ऐकलंय."

हंबीररावांना आता 'हाय' काय आणि 'न्हाय' काय, काहीही म्हणायची सोय उरली नव्हती.

बाळाबाईने बॅगेची चेन ओढली आणि लेकीकडे वळली.

"तुझ्या मोबाईलातलं दुरुस्त केलंस, बेस केलंस. माझ्यातलं हाय तसं ऱ्हाऊ दे."