मजीदभाईंचा पोटापुरता कॉम्प्युटर

मजीदभाईंना ‘कसं काय?’ विचारलं, की ते स्वतःची सोडून कॉम्प्युटरची तब्येत सांगतात. “आज हवा दमट ना, जरा कुरकुरला. पण उठला.”

मांडवीला आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. जहाजावरची नोकरी संपवून आल्यावर घेतलेला हा डबा आता पिवळा पडलाय, पण पडवीत अजून चालतो, तोही विंडोज अठ्ठ्याण्णववर. मेमरी चौसष्ट एमबी. माझ्या मोबाइललाही हसू येईल. पण कोणी ‘वाढवा’ म्हटलं, की मजीदभाई हात आडवा धरतात. “पोटापुरतं!” बांगडे घेताना पोटापुरतं, चहा ओतताना पोटापुरतं.

साफ सांगतो, मला हा माणूस बघवत नाही. माझ्याकडे सोळा जीबीचा नवा लॅपटॉप आहे, पण उघडला की आधी अपडेट होत बसतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून त्यांचा डबा चालू झाल्याचा सूर येतो आणि आमची ही म्हणते, “झालं बघा त्यांचं सुरू!” जणू मीच उशिरा उठलोय.

परवा पुण्याहून जुन्या कॉम्प्युटरांचे शौकीन असलेले दोघे जण तो डबा बघायला आले. हायवेवर हातखंब्याला उतरून, तिथून रिक्षा करून! तासभर फोटो काढत होते. मी मुद्दाम लॅपटॉप काखेत मारून गेलो. तर एक जण म्हणाला, “काका, तो जरा बाजूला ठेवून उजेडाला ही बॅटरी धरता का?” धरली. काय करणार? नुसता जळफळाट झाला.

शेवटी बाजारात शोधून मी त्या जातीच्या जुन्या मेमरीच्या पट्ट्या आणल्या. चांगली एक जीबी. म्हटलं, डबा पळू दे, आणि लोकांना कळू दे कुणामुळे पळतोय. मजीदभाईंनी पट्ट्यांवरचा आकडा चष्मा लावून दोनदा वाचला. आणि बसवल्या.

मशीन उठेना. पडद्यावर आलं काय, तर मेमरी अपुरी आहे!

“एवढी घातली आणि म्हणे अपुरी?” मी ओरडलो.

“ह्या जुन्या विंडोजला इतकी झेपत नाही, भाऊ. जास्त दिसली की गडबडते.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं की.”

“मग बसवलीत कशाला?”

“तुम्ही आणलीत ना.”

पट्ट्या काढल्या असत्या तर काम झालं असतं. पण मजीदभाई काळ्या पडद्यावर टाइप करत बसले. एका फाइलीत एक ओळ घातली, की विंडोज ठरावीक मेमरीच्या पुढे बघतच नाही म्हणे. “राहू दे आतच,” ते म्हणाले.

मशीन उठलं आणि पाठोपाठ पत्त्यांचा डाव आपोआप उघडला. मजीदभाई घाईघाईने तो बंद करायला गेले, पण तोवर मी वाचलं होतं.

त्या खेळात माणूस एक आणि कॉम्प्युटरचे भिडू तीन. त्यांना आपण हवी ती नावं देऊ शकतो. एकाचं नाव होतं सदानंद, एकाचं देसाई, एकाचं भाऊ, म्हणजे मीच.

आम्ही चौघे याच पडवीत रोज संध्याकाळी पत्ते कुटायचो. सदानंद वारला, देसाईंना मुलाने ठाण्याला नेलं, आणि डाव मोडला. पण मी तर भिंतीपलीकडेच होतो!

“दोघांत होत नाही ना हा डाव,” मजीदभाई खाली बघत म्हणाले.

मला त्या पडद्यावरच्या भाऊचा भयंकर हेवा वाटला. मेला रोज इथे येऊन बसत होता.

मी खुर्ची पुढे ओढली. “त्याला उठवा आधी,” म्हटलं, “त्याच्या जागी मी बसतो.”