टेंभुर्णे सरांची उंची

आमच्या कॉलेजात खेळाडूने बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला वाकून नमस्कार केला, की प्रशिक्षकाची थोडी उंची खेळाडूकडे जाते. यात नवीन काही नाही. टेंभुर्णे सरांनी नमस्कार कुणालाच नाकारला नाही, एवढंच.

ते रुजू झाले तेव्हा त्यांचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं. गेल्या महिन्यात क्रीडा समितीची बैठक झाली, तेव्हा ते टेबलावर पाण्याच्या ग्लासला टेकून बसले होते. त्यांनी घडवलेली मुलं-मुली मोठमोठ्या व्यावसायिक संघांत खेळतात, टीव्हीवर दिसतात. पण मूल उंच झालं रे झालं, की संघवाले त्याला अंतिम सामन्याआधीच उचलून नेतात आणि उरलेल्यांना घेऊन आम्ही दरवर्षी हरतो. चषकांच्या कपाटातला सरांचा कप्पा रिकामा आहे. शिपाई त्यात फडकं ठेवतो.

वरचे सगळे कप्पे आधीच्या अढाऊ सरांनी भरले. त्यांनी निवृत्त होईपर्यंत कुणाला पायाला हात लावू दिला नाही. त्यांचा एकही खेळाडू पुढे खेळला नाही. ते खेळाडू बाजारात भेटतात, पण स्वतःची ओळख त्यांनाच करून द्यावी लागते.

बैठकीत मीही होतो, समितीचा सचिव म्हणून. सरांनी हळू आवाजात आपल्या खेळाडूंची नावं घेतली. अध्यक्ष भाऊसाहेब देशकरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि टीव्ही कपाटात ठेवता येत नाही, असं म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी ठरलं, की यंदा चषक आला तरच सरांना मुदतवाढ मिळेल आणि अंतिम सामना होईपर्यंत त्यांना कुणी नमस्कार करायचा नाही.

सरांच्या पत्नी सुलभाताई त्यांना डब्याच्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. जाताना त्या मला म्हणाल्या, "येऊ द्या भाऊ एकदाचा तो कप. आता देण्यासारखं काही उरलं नाही त्यांच्याजवळ."

आमच्या संघाची कर्णधार होती निशा उइके. पोरगी विजेसारखी खेळायची, पण बुटकी. एका व्यावसायिक संघाची माणसं तिला पाहून गेली. त्यांना तिचं सगळं पसंत पडलं, फक्त उंची चार बोटं कमी भरली. सर तेव्हा चारच बोटांचे उरले होते.

हे निशाला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती सरांसमोर ताठ उभी राहायची, बुटाची नाडी बांधायलाही दूर जायची. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सराव संपवून ती निघाली, तेव्हा स्टुलावरून सरांनी तिला हाक मारली.

"निशा, तुझा नमस्कार राहिला."

"कमिटीनं नाही म्हटलं ना, सर."

"कमिटीले कप पाहिजे. मले तू खेळाले पाहिजे."

"मग पाहाल कुठून?"

सरांनी स्वतःला स्टुलावरून खाली ठेवायला सांगितलं. त्यांच्या पायांपर्यंत हात पोचायला निशाला मैदानावर पालथं पडावं लागलं. ती बराच वेळ तशीच होती. उठली तेव्हा मैदानावर ती एकटी होती. त्या व्यावसायिक संघाची गाडी तिला त्याच संध्याकाळी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो. सर विनापरवानगी गैरहजर राहिल्याचं समितीने नोंदवलं, त्यामुळे मुदतवाढीचा प्रश्नच उरला नाही. सुलभाताई सरांचे रुजू झाल्या दिवशीचे बूट न्यायला आल्या. ते एवढे मोठे होते, की डब्याच्या पिशवीत एकच मावला. दुसरा त्यांनी हातात धरला. मला फार वाईट वाटलं आणि तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी फक्त विचारलं, निशा नीट पोचली का.

समितीने अढाऊ सरांना परत बोलावलं आहे. त्यांची उंची अजून शाबूत आहे. पहिल्या दिवशी मुलं नमस्काराला वाकली, तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.